प्रयोगशाळेतला हट्टी ताणकाटा

मी एक जुना ताणकाटा आहे. सुरुवातीलाच सांगतो मित्रांनो, मला कुणाची कीव नको. माझी कहाणी ऐकून डोळ्यांत पाणी आणणार असाल, तर खुशाल उठून जा.

अंबाल्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पितळी पट्टी, आत पोलादी स्प्रिंग, वर कडी, खाली हूक. वजन टांगलं की स्प्रिंग ताणली जाते आणि काटा खाली सरकून वजन सांगतो. पेंढ्यात गुंडाळून मी पनवेलच्या या शाळेत आलो, तेव्हा काय माझा थाट! पोरं रांगा लावायची. कुणी दगड टांगायचं, कुणी जेवणाचा डबा, आणि एका दांडगटाने तर भरलेलं दप्तरच लटकवलं. तेव्हापासून माझी स्प्रिंग जरा सैल आहे. रिकामा टांगलात तरी काटा शून्याच्या थोडा खालीच थांबतो. आहे हा दोष, लपवत नाही.

पण त्या दप्तराचं निमित्त झालं आणि मी काचेच्या कपाटात कुलूपबंद झालो. "मोडेल," म्हणे! मग प्रयोग कुठे व्हायचे? फळ्यावर! सर रीडिंग लिहून द्यायचे, पोरं वहीत उतरवायची. परीक्षेत सगळ्यांच्या दगडाचं वजन सारखं आणि गुण पैकीच्या पैकी. दगडाला मात्र कुणी हातही लावलेला नसे. काचेआडून हे बघताना माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मग रंजिताबाई विज्ञान शिकवायला आल्या. त्यांच्या नववीच्या वर्गात पूर्वी नावाची मुलगी होती, उलव्याकडच्या कोळीवाड्यातली. तोंडी विचारा, फटाफट उत्तर! पण पेन हातात घेतलं की अक्षरं उलटीसुलटी व्हायची आणि अर्धा पेपर कोरा राहायचा. विज्ञानात ती नापास झाली. पर्यवेक्षक कृष्णकांत सरांनी तिच्या आईला प्रयोगशाळेतच, माझ्या कपाटासमोर, बोलावून घेतलं.

"आपल्या शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के असतो. हिचा सतरा नंबरचा फॉर्म भरून टाका. बाहेरून बसेल परीक्षेला," सर म्हणाले. म्हणजे गोड शब्दांत, शाळेतून काढा.

पूर्वीची आई, मालू, मासळीची पाटी बाजारात शेजारणीच्या हवाली करून आली होती. ती म्हणाली, "सर, पोरगी एकदा घरी बसली ना, का परत नाय यायची शालंत."

रंजिताबाई उसळल्या. "सर, तिला विज्ञान येतं का ते बघायचंय, की लिहिता येतं का ते? तिला करून दाखवू द्या. तुम्ही स्वतः समोर बसा."

"आणि बाकीच्यांना लेखी? हा कुठला न्याय?"

"बाकीच्यांनाही करून दाखवू द्या की! मी कुठे नको म्हणते?"

सर तयार झाले. अट एकच, बाईंनी मध्ये चकार शब्द काढायचा नाही. पूर्वी चुकली तर फॉर्म भरायचा.

दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गासमोर कपाट उघडलं. मालूही दाराशी येऊन उभी होती. प्रश्न होता, दगड पाण्यात हलका का लागतो? पूर्वीने आधी मला रिकामाच टांगलं. "सर, यो रिकामाच खाली आलाय. तेवढा वजा करावा लागंल."

इतक्या वर्षांत माझा दोष माझ्या तोंडावर कुणी सांगितला नव्हता. शपथेवर सांगतो, फार बरं वाटलं!

मग तिने दगड टांगला, वजन सांगितलं. दगड पाण्यात सोडला आणि माझा काटा भर्रकन वर गेला. अगं, चुकलं! दगड भांड्याच्या तळाला टेकला होता. पूर्वीने तेच रीडिंग सांगूनही टाकलं. बाईंनी ओठ घट्ट मिटले. सरांनी लाल पेन उघडलं. मला ओरडता येत असतं, तर शाळा डोक्यावर घेतली असती.

पूर्वी मात्र वाकून भांड्यात बघत राहिली. "थांबा सर. दोरा सैल पडलाय. दगड खाली टेकलाय, त्याला भांड्यानं धरलाय, पाण्यानं नाय. मी परत करते." तिने मला जरासं वर उचललं. दगड पाण्यात अधांतरी राहिला, काटा स्थिर झाला. "आता खरा. जेवढा हलका झाला, तेवढा पाण्यानं वर ढकललाय."

"पण आधी चुकलीस ना?" सर म्हणाले.

बाईंना राहवलं नाही. "ती चूक शोधली कुणी, सर? तुम्ही की मी?"

सरांनी लाल पेन मिटलं. त्यांनी वर्गात पहिल्या येणाऱ्या प्रांजलला पुढे बोलावलं आणि मला तिच्या हातात दिलं. ती मला इकडून तिकडून फिरवत राहिली. कुठून धरायचं तेच तिला कळेना. बिचारीचा चेहरा उतरला. "सर, उत्तर पाठ आहे माझं. पण हा कधी हातातच दिला नाही कुणी."

मला तिचा राग आला नाही. राग आला तो कुलपाचा.

मग सर दाराशी उभ्या मालूला म्हणाले, "फॉर्म राहू द्या. पूर्वी दहावीला इथूनच बसेल. लिहायला लेखनिक मिळावा म्हणून बोर्डाकडे अर्ज करू." मालूने तिथेच पदराने डोळे पुसले.

मग सरांनी मला अलगद उचललं. "जुना आहे, जपून ठेवू."

"सर, माझं राहिलंय अजून!" प्रांजल ओरडली. तिच्यामागे सगळा वर्ग उठला.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू शेवटी "आम्हाला जपा" असं म्हणतात. मी मेलो तरी म्हणणार नाही. मला टांगा, ताणा, चुका, पुन्हा करा. एक दिवस माझी स्प्रिंग तुटेल, तुटू द्या. ताणकाटे दुकानात हवे तेवढे मिळतात. पण पूर्वीसारखी पोर एकदा दाराबाहेर घालवलीत, तर ती कुठल्या दुकानातून आणणार आहात, सांगा ना!