ताई आणि खोकला यांच्यामधली जागा

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. एका ध्वनिमुद्रकाच्या खोलीत, भिंतींना ठोकलेल्या जाड गाद्यांच्या शांततेत माझी नऊ वर्षं गेली. "याच्यासारखा कामसू कोणी नाही," असं तो ध्वनिमुद्रक, म्हणजे माझा मालक, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. मला बरं वाटायचं.

माझं काम तसं हमालाचं. मालक आज्ञा टाईप करायचा. मोकळी जागा दिसेल तिथे मी आज्ञेचे तुकडे पाडायचो आणि ते ओळीने मांडायचो. पहिला तुकडा म्हणजे ज्या प्रोग्रामला उठवायचं त्याचं नाव, आणि सगळ्यात शेवटी 'संपलं' अशी खूण. प्रोग्राम उठला की ही यादी त्याच्या हाती. यादीपलीकडचं त्या बिचाऱ्याला काही कळत नाही.

मालकाच्या थोरल्या बहिणीच्या घशाची शस्त्रक्रिया ठरली. नंतर आवाज राहणार नव्हता. म्हणून तिने आठ दिवस इथे बसून लेकीसाठी गोष्टी वाचल्या. चांगलं वाचन 'ताई' या फोल्डरमध्ये गेलं, बिघडलेलं 'ताई खोकला'मध्ये.

शस्त्रक्रियेनंतर एका दुपारी मालक आवराआवरीला बसला. पुसणाऱ्या प्रोग्रामचं नाव त्याने हौसेने 'पूस' ठेवलं होतं. त्याने टाईप केलं: पूस ताई खोकला. पुसायचं होतं 'ताई खोकला' हे फोल्डर; त्या नावाला अवतरणचिन्हं असती, तर ते दोन शब्द मी एकच तुकडा धरले असते. ती घालायची राहिली. मी यादी दिली: पूस, ताई, खोकला. 'पूस'ने 'ताई' पुसलं, पुढचं नाव शोधलं आणि पडद्यावर लिहिलं: 'खोकला' सापडला नाही.

मालकाने घाईघाईने सगळे फोल्डर धुंडाळले. दुसरी प्रत काढायची आज-उद्या करत राहूनच गेली होती.

दुसऱ्या दिवशी बहीण आली, गळ्याला पट्टी बांधलेली.

"ताई, चांगलं वाचलेलं सगळं गेलं गं, खोकला तेवढा राहिला. माझ्याच हातून गेलं."

तिने पिशवीतून वही काढली. मग लिहिलं: "खोकला तरी लाव."

त्याने लावला. खोकला, धाप, पुन्हा खोकला. आणि मधेच तिचा आवाज: "थांब रे, परत घेऊ."

आता मालक माझं कौतुक करत नाही. माझ्यावर धूळ साचते, तीही कोणी पुसत नाही. मित्रांनो, तुमच्या मनातलं आम्हाला दिसत नाही, तुम्ही लिहिलेलंच दिसतं. म्हणून पुसण्याआधी एकदा वाचत जा.

भाची अधूनमधून येते. मामा तेवढंच लावतो. ऐकून ती दर वेळी विचारते, "मामा, मग परत घेतलं का?"

घेतलं होतं, मित्रांनो. फार छान झालं होतं.