संगमरवराला आंबट चालत नाही

चर्र.

गरम तव्यावर पाण्याचा शिंतोडा पडावा, तसा तो आवाज होता. फार वर्षं झाली. पण तो माझ्याच पाठीतून निघाला होता, त्यामुळे विसरता येत नाही.

मी संगमरवराचा तुकडा बोलतोय. दोन मुठींएवढा आहे. एका मोठ्या घराचा उंबरठा कापताना मी बाजूला पडलो. त्या दिवशी एका गड्याच्या हातून जमीन घासायचं अ‍ॅसिड सांडलं, ते माझ्यावर आलं आणि पांढरा फेस उठला. आमचा मिस्त्री हातातली छिन्नी टाकून धावला. त्याने मला बादलीत बुडवलं आणि गड्याला म्हणाला, "अरे, हा दिसतो कडक, पण ह्याच्या पोटात सगळा चुनाच. ह्याला आंबट चालत नाही. आंबट ह्याला खातं, हा आंबटाला खातो. शेवटी दोघंही झिजतात."

माझा त्याच्यावर जीव जडला तो त्या दिवशी. त्याने मला हत्यारांच्या पिशवीत ठेवलं. दोरी ताणायची असली की तिचं एक टोक माझ्याखाली दाबायचा. घरोघरी फरशी बसवून झाली की मालकिणीला बजावायचा, "ताई, लिंबू जपून चिरा. डाग पडला तर मला शिव्या देऊ नका." तीस वर्षं मी हे वाक्य ऐकलं. पाठ झालं मला. त्याला झालं नाही, हाच माझा राग आहे.

दगडाला कसला राग, असं म्हणाल. म्हणा.

मिस्त्रीचे गुडघे गेले, काम सुटलं. दोन गल्ल्या पलीकडे त्याची लेक राहते. रोज दुपारी तो तिच्याकडे जायचा. जावयाने नातीसाठी काचेची टाकी आणली, तिच्यात बारा बारके मासे सोडले. अंगावर निळी रेघ, शेपटीकडे लाल. नात त्यांना 'टोळी' म्हणायची. आजोबाला राहवेना. त्याने पोतंभर संगमरवरी खडी सात पाण्यांनी धुतली आणि टाकीच्या तळाशी पसरली. मला मधोमध भोक पाडून गुहा केली. त्याच्या हातचं शेवटचं काम मी. टोळी माझ्या पोटातून ये-जा करू लागली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं.

महिन्याभराने मासे कोपऱ्यात जाऊन बसू लागले. रंग उतरला. जावयाने नळीत टाकीतलं पाणी घेऊन तपासायचं औषध टाकलं. पाणी निळंशार झालं. "पीएच चढलाय," तो म्हणाला. "ह्या माशांना हिरवट-पिवळं पाणी लागतं." त्याने पीएच उतरवायच्या थेंबांची बाटली आणली.

तेही आंबटच. बाटलीत लपवलेलं, एवढाच फरक.

त्याने थेंब टाकले. दुपारी नळी हिरवी झाली, तो खूश झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा निळी. का होणार नाही? तळाशी आम्ही होतो ना, पोतंभर चुना. तो पाण्याला एक पायरी खाली ओढायचा, आम्ही झिजून एक पायरी वर ढकलायचो. तो चिडला, थेंब दुप्पट केले. मी ओरडत होतो. दगडाचं ओरडणं म्हणजे काय, तर अंगावर बुडबुडे. नात म्हणाली, "बाबा, गुहा श्वास घेतेय."

चौथ्या दिवशी सकाळी सात मासे पांढरं पोट वर करून तरंगत होते.

दुपारी मिस्त्री आला. नातीचे डोळे सुजलेले बघून त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग जावयाला म्हणाला, "जावईबापू, ज्याला वाट बघता येत नाही त्याने जीव पाळू नये. खेळणी आणावीत."

"बाबा, मी पाणी सुधारायलाच..."

"सुधारलंत की. सात जण सुधारून गेले."

लेक म्हणाली, "अहो बाबा, पुरे." पण बोलायचं ते बोलून झालं होतं. जावई खाली मान घालून ओल्या टेबलावरून फडका फिरवत राहिला.

मग त्याने माशांच्या दुकानातल्या बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, "थेंब बंद करा. दर तिसऱ्या दिवशी थोडंसं पाणी काढा आणि तेवढंच फिल्टरचं मऊ पाणी नळाच्या पाण्यात मिसळून घाला. बदामाची वाळकी पानं धुऊन टाका, त्यांनी पीएच हळूहळू उतरतो. मासा जिना उतरतो हो, पण जिन्यावरून ढकललेला वाचत नाही." त्याने अक्षर न् अक्षर पाळलं. पानांनी पाणी चहासारखं झालं, तरी नळी निळीच. बाईंनी फक्त एक विचारलं नाही, तळाशी काय आहे म्हणून. आणि ज्याला ठाऊक होतं तो समोर खुर्चीत बसून जावयाच्या चुका मोजत होता.

एका दुपारी घरात मिस्त्री एकटाच होता. माझ्यावर शेवाळ चढलं होतं, म्हणून मला बाहेर काढून ओट्यावर ठेवलं. घासून झाल्यावर स्वतःसाठी सरबत करायला लागला. लिंबू पिळताना चार थेंब माझ्यावर उडाले.

चर्र. अगदी बारीक. पण त्याचे कान मिस्त्रीचे होते.

त्याने कान माझ्याजवळ आणला. आणखी एक थेंब टाकला. सुईच्या टोकाएवढे बुडबुडे आले. सरबत तसंच राहिलं. तो माझ्यावर हात ठेवून उभा राहिला. मला वाटलं, आता घरी येतील त्यांना हा सांगेल.

त्याने बाह्या वर केल्या आणि सगळी खडी मुठीमुठीने काढून पोत्यात भरली. लेक आली तेव्हा म्हणाला, "शेवाळ फार झालं होतं. धुऊन आणतो." पोतं परत आलंच नाही. मला मात्र त्याच्याने टाकवेना. खिडकीत ठेवलं.

आता हळूहळू सगळं ठीक झालंय. उरलेल्या पाच जणांची रेघ पुन्हा चमकते. तुमच्याकडे टाकी असेल तर एवढंच सांगतो, बाटली उघडण्याआधी तळाशी काय ठेवलंय ते बघा. खडा बाहेर काढा, लिंबाचा थेंब टाका, कान द्या. आणि फेस आला, तर ज्याने ठेवला त्याने सांगावं. थेंब जावयाने ओतले, हे खरं. पण ओतायची वेळ आम्ही आणली होती.

काल नात नळी घेऊन धावत आली. "आजोबा, हिरवी झाली! आणि आज दुसऱ्या दिवशीही हिरवीच आहे. बाबांनी केलं."

जावई म्हणाला, "मी काही नाही केलं गं. घाई सोडली, एवढंच. आधी सोडली असती तर बारा असते." मग सासऱ्याकडे वळून हळूच म्हणाला, "तुम्ही बोललात ते खरंच होतं, बाबा. माझ्याच हाताने गेले ते."

मिस्त्रीने मला उचललं. लिंबाने खरखरीत झालेल्या जागेवर अंगठा फिरवला. त्याचे ओठ हलले.

बोल, मिस्त्री. तीस वर्षं परक्यांच्या घरी बोलत आलास तेच वाक्य. आज आपल्या माणसांत बोल.

त्याने मला जागेवर ठेवलं, दारातल्या चपला पायात सरकवल्या आणि निघून गेला.