पूर्वजांच्या वाट्याची बाटली

माझा धाकटा भाऊ हेमराज विमानतळावरून स्कॉचच्या दोन बाटल्या घेऊन पाड्यावर आला. एक अडीच हजारांची, दुसरी नऊ हजारांची. महागडी खरंच तेवढी चांगली लागते का, हे त्याला आमशाकाकांकडून ठरवून हवं होतं. काकांनी जन्मभर मोहाची दारू गाळली आहे. त्यांच्या जिभेवर सगळ्या पाड्याचा विश्वास.

आमच्याकडे पिण्याआधी पूर्वजांच्या नावाने जमिनीवर धार टाकतात. हेमराजने ती स्वस्त बाटलीतून टाकली. माझं डोकं फिरलं.

"त्यांना हलकी आणि आपल्याला भारी का रे?"

"दादा, मातीला कुठे चव कळते," तो म्हणाला. काका शेजारीच बसून ऐकत होते.

बाटल्या काकांच्या पाठीमागे ठेवून त्याने दोन सारखे पेले भरले. काकांनी दोन्हींतले थेंब तळव्यावर चोळून वास घेतला, मग एकेक घोट घेतला आणि पहिला पेला बाजूला सारला.

"हिला धूर लागलाय. भट्टीकडे लक्ष नसलं की मोहाचीही अशीच होते."

दुसरा पेला त्यांनी रिकामा केला. "ही नीट गाळलेली आहे."

बाजूला सारलेला पेला नऊ हजारांच्या बाटलीतला होता. हेमराजने ते पडल्या चेहऱ्याने सांगितलं, तेव्हा काकांनी जमिनीवरच्या ओल्या डागाकडे पाहिलं.

"तू वाईट द्यायला गेलास, हेमराज," ते म्हणाले. "म्हाताऱ्यांनी चांगली घेतली."