फेब्रुवारी ते मे

इर्माने कॉफीचे कप टेबलाच्या कडेला सारले आणि पिशवीतली माहितीपत्रकं पत्ते मांडावेत तशी ओळीने मांडली. मोबील, सॅव्हाना, सॅन अँटोनिओ, चार्ल्सटन. प्रत्येकावर निळं आकाश होतं आणि त्या आकाशाखाली पांढऱ्या केसांचं एकेक जोडपं दात दाखवत उभं होतं.

"उचला यातलं एक," ती म्हणाली. "सहा आठवडे जा, वाटलं तर आठ. पण आज ठरल्याशिवाय मी या घरातून हलणार नाही. आणि मी जेवायला थांबले, तर तुमचंच कठीण आहे."

इर्मा ही आर्विडची धाकटी बहीण. तिने तीस वर्षं शाळेची बस चालवलेली, त्यामुळे माणसांना गप्प जागेवर बसवण्याची सवय तिच्या हाडीमाशी खिळलेली होती. नवरा गेल्यापासून ती दर हिवाळ्यात दक्षिणेतलं एखादं शहर गाठायची आणि मार्चमध्ये तांबूस होऊन परतायची. यंदा मात्र भाऊ आणि भावजय लव्हॉन मार्गी लागेपर्यंत तिने स्वतःचं निघणं लांबणीवर टाकलं होतं, आणि हे उपकार ती दिवसातून दोनदा बोलून दाखवत होती.

लव्हॉनने पहिलं पत्रक हातात घेतलं आणि न उघडताच खाली ठेवलं.

"मोबीलला पाऊस फार असतो."

"पाऊसच ना? तो फावड्याने ओढावा तर लागत नाही."

"सॅन अँटोनिओ लांब आहे. गाडीत तीन दिवस बसणं आर्विडच्या गुडघ्याला झेपायचं नाही."

"हल्ली विमानं निघालीत म्हणे."

"चार्ल्सटनला आपलं ओळखीचं कोण आहे?"

"तेच तर चांगलं आहे त्या गावाचं," इर्मा म्हणाली आणि तिने आल्याचं बिस्किट कॉफीत बुडवलं.

खोड काढायची म्हटली असती तर लव्हॉनने स्वर्गातही काढली असती. खरं कारण टेबलाभोवतीच्या तिघांनाही ठाऊक होतं. कर्ट अजून जमिनीत गेलेला नव्हता.

त्यांचा एकुलता एक मुलगा, चौतीस वर्षांचा. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी तळ्यावर मासे धरायला गेला आणि ओढ्याच्या तोंडाशी नव्या बर्फातून खाली गेला. चर्चमध्ये प्रार्थना झाली, चर्चच्या तळघरात सँडविच आणि कॉफी झाली, लोक हात दाबून आपापल्या घरी गेले. पण तोवर जमीन गोठली होती, आणि गावची दफनभूमी एकदा गोठली की एप्रिल सरेपर्यंत तिथे कुणी कुदळ उचलत नाही. हिवाळ्यात जाणारी माणसं टेकडीच्या पोटात बांधलेल्या दगडी कोठीत, लोखंडी दाराआड थांबतात. यंदा तिथे पाच जण होते. बाकीचे चौघं ऐंशीच्या पुढचे.

रोज सकाळी दहाच्या सुमाराला लव्हॉन गाडी काढायची, त्या दाराकडे तोंड करून उभी करायची आणि इंजिन चालू ठेवून तासभर बसायची. पारा उणे तीसवर गेला त्या दिवशीही तिने खाडा केला नाही. तिथे ती रडायची नाही, प्रार्थनाही करायची नाही. रस्त्याने जाणारे लोक तिची गाडी दिसली की मान दुसरीकडे वळवायचे. ती खात नव्हती, स्वेटर अंगावर लोंबायला लागला होता, आणि गेल्या आठवड्यात डॉक्टरने तिला बाहेर बसवून आर्विडला सांगितलं होतं की बायकोला इथून हलवा, नाहीतर उन्हाळ्यापर्यंत तीही टिकायची नाही. हे आर्विडने इर्माला सांगितलं, आणि इर्माच्या कानावर गेलेली गोष्ट लव्हॉनपर्यंत यायला एक दिवस पुरला.

ती जाणार नव्हती. कर्टला मातीत ठेवल्याशिवाय या जिल्ह्याची हद्द ओलांडायची नाही, एवढंच तिने मनाशी धरलं होतं. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती आणि त्यातला एक आठवडासुद्धा तिने आणि आर्विडने एकमेकांवाचून काढलेला नव्हता. आता मात्र एक जण जायचं म्हणत होता आणि एक राहायचं.

"लव्हॉन," इर्मा आवाज उतरवून म्हणाली, "तो तिथे नाहीये गं."

"मग कुठे आहे?"

 बशीतलं आणखी एक बिस्किट उचलून इर्माने त्याचे दोन तुकडे केले, पण खाल्ला एकही नाही.

इतका वेळ आर्विड चष्मा लावून सॅव्हानाचं पत्रक वाचत होता. हा तोच आर्विड, जो आजवर बहिणीच्या दक्षिणेच्या फेऱ्यांची टर उडवत आला होता. तिकडे जाऊन करायचं काय, घाम पुसायचा? तोच आता रस्त्यांचा नकाशा बोटाने चाचपत होता.

"इथे तळं वगैरे आहे का जवळपास?" त्याने विचारलं.

"नदी आहे. गोठत नाही ती, घाबरू नकोस," इर्मा बोलून गेली आणि मग तिने जीभ चावली. आर्विडने मान हलवली, जणू कामाचीच माहिती मिळाली.

अडीचच्या सुमाराला पश्चिमेकडून आभाळ भरून आलं, तशी इर्मा उठली. बर्फ सुरू व्हायच्या आत तिला घर गाठायचं होतं. दारात बूट चढवताना तिने लव्हॉनचं मनगट धरलं.

"स्वतःसाठी नको जाऊस. आर्विडसाठी जा. तो झोपत नाहीये, माहितेय ना तुला?"

"माहितेय."

"मग अडलंय कुठे?"

लव्हॉनने तिचा मफलर नीट केला आणि रस्ता निसरडा आहे, सांभाळून जा, असं सांगितलं.

लव्हॉन टेबलापाशी परत आली तेव्हा आर्विडने तीन पत्रकं गोळा करून बाजूला ठेवली होती. सॅव्हानाचं एकटं समोर होतं.

"मोटार क्लबात प्रवासाची सोय बघणाऱ्या बाईशी बोललो मी," तो म्हणाला. "काल. तू बाहेर गेली होतीस तेव्हा."

"इर्माने बोलायला लावलं?"

"नाही. मीच." त्याने पत्रक उलटं करून तिच्याकडे सरकवलं. "घर आहे एक. एकाच मजल्याचं, पायऱ्या नाहीत. उद्यापर्यंत धरून ठेवते म्हणाली."

मागच्या कोऱ्या जागेवर त्याच्या सरळसोट, सुताराच्या अक्षरात पत्ता होता, फोन नंबर होता, आणि खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं: १ फेब्रुवारी ते ३१ मे. लव्हॉनने ते दोनदा वाचलं.

"इर्मा सहा आठवडे म्हणत होती."

"इतक्या थोड्या दिवसांसाठी देत नाहीत ते."

"म्हणून मेअखेरपर्यंत?"

"हवा चांगली असते तिकडे."

"मेमध्ये तिकडे अंगाची लाही होते, आर्विड. इर्मासुद्धा मार्चमध्ये पळून येते."

 टेबलावर बिस्किटाचा चुरा सांडला होता, तो आर्विड बोटाने एका जागी गोळा करायला लागला.

"दफन मेच्या दुसऱ्या आठवड्यात आहे," ती म्हणाली.

"माहितेय मला."

लव्हॉन खुर्चीवर बसली. आठवडाभर तिची समजूत होती की आर्विडला तिला त्या लोखंडी दारापासून लांब न्यायचं आहे. डॉक्टरची तीच समजूत, इर्माचीही तीच. तिच्या काळजीने सगळे हैराण झाले होते, आणि ज्याला खरोखरच पळ काढायचा होता तो लोकरी मोज्यांत पाय घालून तिच्यासमोर मुकाट बसलेला होता. याच्याकडे आपण इतक्या दिवसांत एकदाही धड बघितलं नाही, असं तिच्या मनात आलं आणि तिला शरम वाटली.

"मला उभं राहवणार नाही तिथे," आर्विड म्हणाला. "मी धक्क्यापाशी भोक पाडून मोजला होता बर्फ. चार इंच भरला. तेच त्याला सकाळी फोनवर सांगितलं. चार इंच आहे, जा बिनधास्त. ओढ्याचं नाही सांगितलं."

तिने बिस्किटांची बशी बाजूला सारली.

"दर वर्षी सांगायचो. तो दहा वर्षांचा होता तेव्हापासून. ओढ्याच्या तोंडाकडे जाऊ नकोस, खालून पाणी वाहतं तिथे. चिडवायचा मला. बाबांची कॅसेट लागली म्हणायचा."

"म्हणजे पाठ होतं त्याला."

"पाठ असलं म्हणून काय झालं? सांगितलं की माणूस तिकडे वळत नाही." चुऱ्याचा ढीग त्याने पुन्हा मोडला. "त्या दिवशी का नाही सांगितलं, तेच आठवत नाही मला. आठवायचा किती प्रयत्न करतो. चार इंच म्हणालो, ते आठवतं. फोन ठेवला, ते आठवतं. मधलं काही येतच नाही."

मधलं लव्हॉनला आठवत होतं. ती चुलीपाशी उभी होती, हातात तवा होता. आर्विड, आटप आता, अंडी गार होतायत, असं ती एकदा म्हणाली आणि मग पुन्हा म्हणाली. दुसऱ्या वेळी आवाज चढवून. तो फोनमध्ये म्हणत होता, "आणि हे बघ..." आणि मग हसला, "तुझी आई ओरडतेय, ठेवतो," असं म्हणून त्याने फोन ठेवला. 'आणि हे बघ'च्या पुढे काय येणार होतं, ते दुपारी शेरीफचा माणूस दारात उभा राहिला त्याच क्षणी तिला कळलं. सात आठवडे ती रोज गाडी घेऊन तेवढंच कर्टला सांगायला जात होती, आणि सांगितलेलं तिथून कुठेही जाणार नव्हतं.

एकच वाक्य होतं. तिने ते उच्चारलं असतं तर समोरच्या माणसाचं अर्धं ओझं तरी उतरलं असतं, हे तिला स्वच्छ दिसत होतं. पण मग तो मान वर करून तिच्याकडे बघेल, आणि ते बघणं झाल्यावर या घरात तिला कुठे बसता आलं असतं? तिने ओठ उघडले. तिला स्वतःची इतकी किळस आयुष्यात कधी आली नव्हती, आणि तरीही तिने ते वाक्य गिळलं.

"माझ्याबरोबर चल," आर्विड म्हणाला. "दफनाला इर्मा उभी राहील. मी विचारतो तिला."

"घरचं कुणीतरी हवं त्याच्यापाशी."

"मग मी कसा जाऊ?"

"तू जा."

"एकटा?"

"तुला इथे राहवत नाहीये. मला जाववत नाहीये. यात भांडण्यासारखं काय आहे?"

भांडण नव्हतंच. आवाज चढवायचं बळ दोघांपैकी एकाच्याही अंगात उरलेलं नव्हतं. लव्हॉनने पत्रक जवळ ओढलं आणि आता पहिल्यांदाच उघडून नीट वाचलं. घरात शेगडी कसली आहे, तिने विचारलं. पांघरुणं ते देतात की न्यावी लागतात? दुकान चालत जाण्याइतकं जवळ आहे का? मुलाला उन्हाळी शिबिराला धाडायच्या आधी विचारत असे तसंच ती एकामागून एक विचारत गेली, आणि तो जमेल तेवढं सांगत गेला. गुडघ्याच्या गोळ्या चार महिन्यांच्या घ्याव्या लागतील, ती म्हणाली. पातळ शर्ट माळ्यावरच्या खोक्यात आहेत. प्रत्येक प्रश्नानंतर ती थोडी थांबायची. तो नको म्हणेल, पत्रक फाडून टाकेल, राहतो मी तुझ्यापाशी म्हणेल, अशी तिला आशा होती.

"पातळ शर्ट किती आहेत?" आर्विडने विचारलं.

"तीन. तिकडे घे आणखी."

क्लबाचं ऑफिस पाचला बंद व्हायचं. पाऊण तास उरला होता. बाहेर बर्फ सुरू झाला होता आणि इर्मा पोचल्याचा फोन अजून यायचा होता, पण लव्हॉनने वाट बघितली नाही. ती उठली, भिंतीवरचा फोन काढला आणि आर्विडच्या अक्षरातला नंबर एकेक आकडा बघून फिरवला. पलीकडची बाई मोकळ्या आवाजाची होती. तुमच्याकडे पडायला लागला का, आमच्याकडे तर दार उघडत नाही, असं म्हणून ती हसली. लव्हॉनने घराचा पत्ता सांगितला, तारखा सांगितल्या, नीमी हे आडनाव सांगितलं.

"किती माणसं राहणार?"

"एक."

"एकच? पण काल फोनवर तर ते दोघं म्हणत होते." कागद चाळल्याचा आवाज आला. "काय बाई हे नवरे. स्वतः उन्हात जाऊन बसणार आणि बायकोला ठेवणार इथे बर्फात?"

लव्हॉनच्या पाठीमागे खुर्ची किंचित करकरली. ती तशीच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पुढचा आवाज काही आला नाही.

"तसं नाही," ती फोनमध्ये म्हणाली. "तिला इथे काम आहे."