बासष्ट टक्के उंदीर

कंपनीच्या मीटिंगच्या खोलीत भिंतीवर एक रंगीत गोल तक्ता लावलेला होता आणि त्यातला अर्ध्याहून मोठा तुकडा उंदरांच्या नावावर होता. कंपनी वॉशिंग मशीन बनवायची, विकायची आणि बिघडलं की दुरुस्तही करून द्यायची. गेल्या वर्षभरात दुरुस्तीच्या जेवढ्या नोंदी झाल्या, त्यांतल्या बासष्ट टक्के नोंदींमध्ये कारण एकच होतं: उंदरांनी वायर कुरतडली.

हा तक्ता बनवला होता आकडेबाईने. हे नाव मेकॅनिक मंडळींनी ठेवलेलं. बाई कसली, सव्वीस वर्षांची मुलगी ती. पण दिवसभर कॉम्प्युटरच्या दोन पडद्यांसमोर बसून कोणी काय नोंदवलं, कधी नोंदवलं हे चाळत बसायची, म्हणून आकडेबाई. कंपनीने सगळा डेटा नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणला खरा, पण त्यात डोकं घालून बघणारी ही पहिलीच. मालक तर तक्त्यावर इतके खूश झाले, की त्यांनी प्रत्येक वायरीवर स्टीलची जाळी चढवायची असं जाहीर करूनही टाकलं. शुक्रवारी जाळीच्या कागदावर सही होणार होती. त्याच शुक्रवारी आकडेबाईला कायम करायचं की नाही हेही ठरणार होतं. घरी तिच्या आईने अर्ध्या नातेवाइकांना फोन करून मुलगी कायम झाल्याचं सांगून टाकलं होतं, त्यामुळे आता मागे फिरायची सोय नव्हती.

इतकं सगळं जमून आलं असताना गप्प बसावं की नाही माणसाने? पण मंगळवारी दुपारी तिच्या डोक्यात किडा वळवळला. काही कारण नसताना तिने त्याच नोंदी वेळेप्रमाणे लावून बघितल्या. सकाळी दहापासून कारणं तऱ्हेतऱ्हेची होती. कुठे पट्टा तुटलेला, कुठे दार लागत नाही, कुठे खिशातली नाणी पंपात अडकलेली. दुपारचे चार वाजले की मात्र सगळीकडे उंदीर. साडेपाचला तर त्यांनी नुसता धुमाकूळ घातलेला.

"संध्याकाळी बाहेर पडत असतील," शेजारच्या टेबलावरचा हिशेबनीस डबा उघडत म्हणाला. "दिवसा लोक असतात ना घरात."

"आणि रविवारी सुट्टी घेतात?" तिने विचारलं. "रविवारी एकही उंदीर नाही. आणि हा बघा, नवव्या मजल्यावरचा. लिफ्टने गेला का?"

हिशेबनिसाने तिच्याकडे नीट बघितलं. "शुक्रवारपर्यंत दम धर," तो म्हणाला. "मग मोज हवे तेवढे उंदीर."

सल्ला सोन्यासारखा होता. तिने तो ऐकला नाही.

बुधवारी सकाळी ती दुरुस्तीच्या गाडीत जाऊन बसली. गाडी होती सावकाशकाकांची. काका अकरा मेकॅनिकांमध्ये सगळ्यात जुने. दर तिसऱ्या वाक्याला 'सावकाश' म्हणायचे, पण हात असे चालायचे की बघत राहावं. ऑफिसातली मुलगी आपल्या गाडीत कशाला, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. तरी त्यांनी बसायची जागा फडक्याने पुसून दिली.

पहिलं घर एका निवृत्त शिक्षिकेचं. बाथरूम एवढंसं, की काका आत आणि मशीन बाहेर, नाहीतर मशीन आत आणि काका बाहेर. शेवटी दोघंही दारात अडकले आणि आकडेबाईने मागून ढकललं. काकांनी मशीनच्या पाठीचा पत्रा काढला आणि तिच्या हातात दिला.

"धरा, मॅडम. सावकाश, कडा लागेल."

तिने पत्रा उलटा केला. आतल्या बाजूला काळ्या मार्करने लिहिलेलं होतं, तीन तारखा आणि तीन वेगवेगळ्या हातांची अक्षरं. 'सील चिरलं. पाणी मोटरवर. वायर काळी पडली, बदलली.' त्याखाली 'पुन्हा तेच.' आणि त्याखाली तिरक्या, घाईच्या अक्षरात 'सील. आधीच्या खेपेतलं टिकायचं, हे टिकत नाही.'

तिने पत्रा उजेडात धरला. "काका, हे कोणी लिहिलंय?"

"आम्हीच. आधी आलेला काय करून गेला ते पुढच्याला कळायला नको?"

"पण त्यासाठी फोनमध्ये नोंद करता ना तुम्ही?"

काकांनी तिच्याकडे बघितलं. लहान मुलाने सूर्य संध्याकाळी कुठे जातो असं विचारल्यावर मोठी माणसं बघतात तसं. "ती नोंद तुमच्यासाठी असते, मॅडम. आम्हाला ती दिसते कुठे? भरली की गेली वर."

पाच महिने ती 'वर' बसली होती. वर गेलेलं खाली येतच नाही, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि तिनेही कोणाला विचारलं नव्हतं.

त्या दिवशी तिने आणखी पाच पत्रे वाचले. चारांवर सीलच लिहिलेलं होतं. ड्रमच्या मागचं ते रबराचं कडं चिरत होतं, पाणी थेंब थेंब मोटरवर पडत होतं आणि वायर जळून काळी होत होती. वायर प्रत्येक वेळी खरोखरच बदलावी लागत होती, म्हणून गोदामातून वायरीही जात होत्या आणि उंदरांच्या नोंदीबद्दल कोणाला शंका येत नव्हती.

साडेचारला काकांनी गाडी कडेला घेतली, चष्मा चढवला आणि दिवसभराच्या सहा नोंदी एकदम भरायला घेतल्या. बाथरूममध्ये नेटवर्क मिळत नाही आणि सहाच्या आत नोंद गेली नाही तर हजेरी लागत नाही. कारणाचा चौकोन रिकामा सोडला तर लाल होतो आणि पुढे सरकतच नाही. त्यांनी चौकोनावर बोट ठेवलं, यादी उघडली आणि सगळ्यात वरचं कारण दाबलं.

"काका, उंदीर?"

"पहिलाच आहे तो."

"अहो, पण यादीत सीलही आहे!"

"आहे की. एकतिसावं. एकदा गेलो होतो तिथपर्यंत." काकांनी ओलसर बोट पँटला पुसलं. "बोट जरा घसरलं की यादी परत वर जाते. त्रेचाळीस कारणं आहेत, मॅडम. सकाळी असतो अंगात तेवढा दम, एखाददुसरी नोंद तेव्हाच टाकतो. संध्याकाळी कुठला?"

"तुम्ही खरे उंदीर किती बघितलेत?"

"छत्तीस वर्षांत? दोन," काका विचार करून म्हणाले. "त्यातला एक मेलेला."

ती खो-खो हसली. काकाही हसले, मग एकदम थांबले. चुकीची नोंद करणाऱ्याला घरचा रस्ता दाखवला जाईल, अशी सूचना गाडीच्या काचेवर आतून चिकटवलेली होती. दोघांनीही ती एकाच वेळी बघितली.

"यात माझं नाव येणार का गं, पोरी?" त्यांनी विचारलं. "दोन वर्षं राहिलीत माझी."

तिने ती सूचना पुन्हा वाचली. तिला खूप लाज वाटली, आणि काकांची नाही, स्वतःची.

गुरुवारी ती कारखान्यामागच्या अंगणात गेली. तिथे परत आलेली जुनी मशीन रांगेने उभी होती. पान्याने तिने अठरा पत्रे उघडले, चौदांवर सील. मग तिने यादीचाच छडा लावला. सॉफ्टवेअर सुरू झालं त्या दिवशीची पहिली तक्रार एका पिठाच्या गिरणीतून आली होती आणि तिथे खरंच उंदीर होते. पुढची कारणं एकाखाली एक जोडली गेली, आणि गिरणीतला उंदीर जो वर बसला तो कायमचा.

शुक्रवारी मीटिंगमध्ये तिने तीन पत्रे टेबलावर ठेवले. डिझाइनचे साहेब जाळीचा नमुना घेऊन बसले होते, त्यांनी तो हळूच मांडीवर घेतला. तिने सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. तक्ता चुकलाय, हेही सांगितलं.

मालकांचा चेहरा लाल झाला. नाकावर माशी बसू न देणारा माणूस तो. "दोन महिने मी हे चित्र भिंतीवर लावून बसलोय," ते म्हणाले. "कोणी केल्या या नोंदी? सॉफ्टवेअरमध्ये असेलच. मला नावं द्या. यात तुमची काय चूक? तुम्हाला मिळालं ते तुम्ही मांडलंत."

दार असं सताड उघडलं होतं. नावं दिली की ती सुटली, कायम झाली, आईचे फोन खरे ठरले. तिला त्या दारातून जायचं होतं, अगदी मनापासून जायचं होतं. खोटं कशाला सांगायचं.

"देते," ती म्हणाली. "पण आधी एक नोंद तुम्ही करून बघाल का, सर? या मशीनची. सील गेलंय." तिने एका मेकॅनिकचा मागून आणलेला फोन पुढे केला आणि पाण्याचा ग्लास. "हात ओले करून."

मालकांनी ग्लासकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि रागारागाने बोटं बुडवली. चौकोन उघडला. यादी सरकवली, ती उडी मारून वर आली. पुन्हा सरकवली. विसाव्याच्या आसपास पोचले आणि बोट घसरलं. तिसऱ्यांदा फोनच हातातून निसटता निसटता वाचला. ते काहीतरी पुटपुटले, अंगठा टेकवला आणि चौकोन हिरवा झाला.

डिझाइनच्या साहेबांना हसू फुटलं. त्यांनी ते खोकल्यात दडवलं. मालकांनी पडद्यावर वाचलं: उंदरांनी वायर कुरतडली.

"किती नावं आहेत म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"अकरा," ती म्हणाली. "बारावे तुम्ही. तेरावी मी धरा, मी मेकॅनिकांना न विचारता तक्ता काढला."

आता संपलं, असं तिला वाटलं. तिने पत्रे उचलायला हात पुढे केला, तर मालकांनी त्यातला एक स्वतःकडे ओढून घेतला. ते तिरकं, घाईचं अक्षर त्यांनी एकदा वाचलं आणि पुन्हा वाचलं.

"जाळी राहू द्या," ते डिझाइनच्या साहेबांना म्हणाले. "हे सील आपण कधीपासून घेतोय ते बघा." मग तिच्याकडे न बघताच म्हणाले, "आणि तुम्ही, सोमवारपासून ती यादी नव्याने करायला घ्या. त्या लोकांबरोबर गाडीत बसून, त्यांना विचारून करा. आणि ते जे भरतात ते त्यांना परत दिसलं पाहिजे."

ती बरं म्हणाली, वळली आणि बाहेर पडली. सोमवारपासून म्हणजे नोकरी राहिली, हे तिच्या लक्षात जिन्यात आलं. कोणाचंच नाव घ्यावं लागलं नव्हतं, हे त्याच्या पुढच्या पायरीवर. मग मात्र ती तिथेच बसली आणि पोटभर रडली.