धुऱ्यापलीकडची जागा

विष्णू भुसारी फॅक्टरीतून निवृत्त झाले तेव्हा तपासणी विभागानं त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. चौतीस वर्षं ते धातूचे नग हातात घेऊन 'पास' किंवा 'रद्द' म्हणत आले होते. भुसारींच्या हातून खोटा नग सुटत नाही, असं सगळे म्हणत आणि त्यांना स्वतःलाही ते खरं वाटे. घरी बसल्यावर मात्र तपासायला काही उरलं नाही. एके दुपारी मोबाइलवर परदेशातला एक म्हातारा दिसला. तो शेतात यंत्र फिरवून जमिनीतून नाणं काढत होता. त्या दिवसापासून भुसारींना मेटल डिटेक्टरचं वेड लागलं.

तीन महिने ते नुसते वाचत होते. नर्मदेकाठच्या त्यांच्या शहरात, राइट टाउन भागात, सुरक्षेचं सामान विकणाऱ्या दुकानात गेले, तर दुकानदारानं मॉलच्या दारावर गार्ड फिरवतो तो दांडा पुढे केला. "अंकल, शादी के गेट के लिए चाहिए क्या?" ते तसेच परत आले. जमिनीसाठीचं यंत्र वेगळं, हे त्यांना एव्हाना कळलं होतं. खालची तबकडी मोठी असलेलं यंत्र खोलवरचं सांगतं, पण कचरा असला की गोंधळतं. नवशिक्यानं फार बटणांचं घेऊ नये. लोखंडाचा आवाज वेगळा आणि चांदी-तांब्याचा वेगळा देणारं, ओल्या मातीवर चालणारं, हलकं असं पाहावं. शेवटी तसलंच एक ऑनलाइन मागवलं.

"काहून हो, या वयात गुप्तधन शोधून राहिले काय?" शैलजाबाईंनी विचारलं.

"गुप्तधन नाही, छंद आहे. आणि त्याचे नियम असतात."

ते नियम त्यांनी बायकोला वाचूनही दाखवले. किल्ल्याच्या आसपास, सरकारनं राखलेल्या जागी जायचं नाही. घाटावर लोकांनी नर्मदामाईला वाहिलेल्या नाण्यांना हात लावायचा नाही. कुणाच्या जमिनीवर विचारल्याशिवाय पाऊल ठेवायचं नाही. राहिलं चेरीतालच्या घराचं स्वतःचं अंगण. तिथं आठवडाभरात खिळे, बाटल्यांची झाकणं आणि सायकलची एक घंटी निघाली. कॉलनीच्या बागेतून चौकीदारानं हाकललं. आता एखादं रिकामं शेत हवं होतं.

तेव्हा त्यांना भैयालाल पटेल आठवला. तो त्यांच्याच विभागात हाताखाली होता, आता मझौली गावी शेती बघत होता. फोन केला तर तो म्हणाला, "अरे साहब, मटर निकल गई है, खेत खाली पड़ा है. आ जाइए."

जानेवारीतल्या रविवारी भुसारी मझौलीला पोचले. भैयालालच्या बायकोनं, नर्मदाबाईंनी, आल्या आल्या गरम पुऱ्या वाढल्या. मग भैयालाल त्यांना शेतावर घेऊन गेला. हात लांब करून त्यानं सगळा तुकडा दाखवला आणि शेवटी म्हणाला, "बस, उस मेड़ के पार महुआ के नीचे मत जाइएगा."

"काहून? साप वगैरे आहे काय?"

"नहीं साहब. ऐसेई."

भुसारींनी मान हलवली. दोन तास ते ओळीनं यंत्र फिरवत राहिले. विळ्याचं गंजलेलं पातं मिळालं, ट्रॅक्टरचा बोल्ट मिळाला, आणि एक भोकाचा पैसा. पैसा मिळाल्यावर अंगात जोर आला, पण पुढे काहीच नाही. भैयालाल पंपाकडे गेला होता. धुऱ्यापलीकडे, शेताच्या बांधाच्या पल्याड, मोहाचं झाड उभं होतं. लोक जिथं जाऊ नका म्हणतात, तिथंच जुनं काहीतरी असतं, असं भुसारींच्या मनात आलं. त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. त्यांनी धुरा ओलांडला.

झाडाखाली एक चपटा दगड होता. त्याच्याजवळ तबकडी नेताच यंत्रानं असा स्वच्छ, उंच आवाज दिला की भुसारींनी यंत्र तिथंच खाली ठेवलं. दगड बाजूला केला. खालची माती मऊ होती. हातभर खणल्यावर एक काळा पडलेला, इवलासा वाळा वर आला. त्याला दोन घुंगरं होती, एक तुटलेलं.

त्यांनी बोटानं त्यावरची माती झटकली. मग वाळा रुमालात बांधून खिशात टाकला, घाईघाईनं माती ओढली, वर दगड ठेवला.

जेवताना भैयालालनं विचारलं, "कुछ मिला, साहब?"

भुसारींनी पातं, बोल्ट आणि पैसा ताटाशेजारी मांडला. "यही सब."

निघताना नर्मदाबाईंनी पिशवीभर मटार हातात दिला.

घरी आल्यावर भुसारींनी वाळा चिंचेच्या पाण्यानं घासला. चांदी लखलखली. त्यांनी फोटो काढला आणि छंदवाल्यांच्या ग्रुपवर टाकला : 'पहिल्याच फेरीत चांदी! किती जुनी असेल?' भराभर अंगठे आले. कुणी दोनशे वर्षं म्हणालं, कुणी गोंड राजांच्या काळातली. भुसारी हसत होते.

शैलजाबाई मटार सोलत होत्या. त्यांनी वाळा उचलला, उलटसुलट केला. "लेकराच्या पायातला आहे हा. कुठं होता?"

"शेतात. झाडाखाली."

"नुसता मातीत?"

"दगड होता वर."

शैलजाबाईंचा हात थांबला. "अहो, तान्ह्या लेकरांना जाळत नाहीत. पुरतात."

बायकोनं सांगितलं ते भुसारींना नवीन नव्हतं. तो दगड उचलताना, खालची मऊ माती हाताला लागताना, त्यांना ते कळलं होतं. पुरतं कळलं होतं. त्यावर दुसराच एक विचार ठेवून त्यांनी ते दाबलं होतं, आणि खणत राहिले होते.

"तुम्हाला माहीत होतं," शैलजाबाई म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त नवऱ्याकडे पाहत राहिल्या.

ग्रुपवरचा फोटो त्यांनी काढून टाकला. तोवर चाळीस जणांनी पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते स्कूटरनं निघाले. शेताला मागून वळसा घालायचा, गुपचूप वाळा ठेवायचा आणि कुणाला दिसायच्या आत परतायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. या बेताचीही लाज वाटत होती, तरी त्यांनी तो सोडला नाही. स्कूटर बांधाला टेकवून ते मोहाकडे गेले, तर झाडाखाली नर्मदाबाई बसल्या होत्या. त्यांच्यासमोर दगड होता, भुसारींनी तिरका ठेवलेला.

पळून जाण्याएवढं अंतर अजून होतं. भुसारींनी ते मनात मोजलंसुद्धा. मग ते पुढे गेले आणि रुमाल उघडला.

"मैंने निकाला था," ते म्हणाले. "कल. भैयालाल ने मना किया था, फिर भी. और झूठ बोला."

नर्मदाबाईंनी वाळा घेतला. घासून चकचकीत केलेला वाळा पाहून त्यांच्या कपाळावर आठी पडली. "साफ कर दिया आपने," त्या म्हणाल्या. मग बोटानं तुटलेलं घुंगरू चाचपलं. "ये उसने खुद तोड़ा था. दाँत से. सलोनी नाम था. ग्यारह महीने की थी."

भुसारी रिकाम्या रुमालाची घडी घालत राहिले.

"एक ही मिला?"

"हाँ."

"दूसरा नहीं निकाला?"

"नहीं. कसम से."

"और कुछ देखा?"

"नहीं, बहनजी. कुछ नहीं."

नर्मदाबाईंनी लांब श्वास सोडला. "चलो. एक तो उसके पास रहा."

भुसारी माती काढायला वाकले. "रहने दीजिए," नर्मदाबाई म्हणाल्या. साध्या आवाजातच म्हणाल्या, पण भुसारींचे हात जागच्या जागी थांबले. नर्मदाबाईंनी स्वतः खळगा केला, वाळा ठेवला, माती लोटली, दगड सरळ बसवला. भुसारी चार पावलांवर उभे राहून पाहत होते. मदत करण्याचा हक्क आपण कालच घालवला, हे त्यांना समजत होतं.

तेवढ्यात भैयालाल आला. बायकोकडे, दगडाकडे, भुसारींकडे पाहून त्याला सगळं कळलं. तीस वर्षं तो भुसारींना साहब म्हणत आला होता. आत्ताही म्हणाला. "हमने तो मना किया था, साहब." एवढंच. त्या दिवशी कुणी चहाला बसा म्हटलं नाही.

यंत्र माळ्यावर गेलं. भुसारींनी भैयालालला दोनदा फोन लावला आणि दोन्ही वेळा पहिली रिंग वाजायच्या आत तोडला.

वैशाखात भैयालालच्या मुलाच्या, अंकुरच्या, लग्नाची पत्रिका टपालानं आली. वर भुसारींचं नाव नीट लिहिलं होतं. "मी नाही जात," ते म्हणाले. शैलजाबाई म्हणाल्या, "त्यांनी बोलावलं आहे. तोंड लपवायची सोय आता तुम्हाला नाही."

ते गेले. मांडवात अगदी मागच्या ओळीत बसले. जेवणाच्या पंगतीत मान खाली घालून पानाकडे पाहत असताना कुणीतरी जिलबी वाढली. हातात हिरव्या बांगड्या होत्या. भुसारींनी वर पाहिलं नाही.

"और लीजिए, भैया," नर्मदाबाई म्हणाल्या आणि पुढच्या पानाकडे सरकल्या.

भुसारींनी पानावरची सगळी जिलबी संपवली, सावकाश, एकही तुकडा न टाकता.