सहा दिवसांचं एकमत

बाबांच्या नाडीचे ठोके मिनिटाला चौतीसवर आले होते आणि अधूनमधून चार सेकंद ठोका पडतच नव्हता. दोन दिवसांत पेसमेकर बसवा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, त्याला सहा दिवस झाले. तेवढ्यात मुलांनी एकच काम तडीस नेलं. 'बाबांची तब्येत' नावाचा ग्रुप काढला. त्यात सगळे होते, बाबा नव्हते. ऐकूनच त्यांना धक्का बसेल, असं ताईचं म्हणणं. म्हणून अशक्तपणासाठी दवाखान्यात ठेवलंय, असं त्यांना सांगितलं होतं. डॉक्टरीणबाईंनीही ते चालवून घेतलं.

या घरात एकमताशिवाय काही होत नसे. सोफ्याचा रंग ठरायला चार महिने लागले होते.

सातव्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई खाटेजवळ आल्या. "ठरलं का?"

"ताईचं हो आहे. माझं तत्त्वतः हो आहे," थोरला मोबाइल चाळत म्हणाला. "धाकट्याचं यायचंय. त्यानं श्वासाच्या व्यायामाचा व्हिडिओ पाठवलाय. आधी तो सगळ्यांनी बघा म्हणतो."

"कसलं ठरायचंय?" बाबांनी विचारलं.

थोरला खिडकीबाहेर बघू लागला. सहाही दिवस खाटेशी बसून होती ती सूनबाई. तीच बोलली, "पेसमेकर, बाबा. छातीत बसवायचं यंत्र. ठोका चुकला की ते देतं."

"अगं, काय हे!" दारातून आत येणारी ताई किंचाळली.

बाबांनी तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. नवव्या मजल्यावर, लिफ्टच्या अंधाऱ्या विहिरीत दोराला लटकून.

"सूनबाई, लिफ्ट अडकली की आतल्याला बाहेर काढतात, की जिन्यावरच्यांची मतं घेतात?"

"बाहेर काढतात."

"मग कागद आणा."

सही त्यांनीच केली. दुपारी पेसमेकर बसला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सूनबाईचा मोबाइल मागून घेतला आणि चष्मा लावून पूर्ण ग्रुप वाचला. ग्रुप काढल्याच्या तिसऱ्या दिवशी धाकट्यानं लिहिलं होतं, 'बाबा मुळात घाबरट. कळलं तर हातपाय गाळतील.' खाली ताईचा आणि थोरल्याचा अंगठा.

तेवढ्यात थोरला हसत आत आला. "बाबा, धाकट्याचंही हो आलं बरं का! झालं एकमत."

बाबांनी मोबाइल सूनबाईकडे परत दिला.

"बरंच लवकर उरकलंत की," ते म्हणाले. "सोफ्याला चार महिने लागले होते."